फुकटच्या पंगती आणि किसनरावांची चूल

बायको गेल्यानंतर सहा महिने किसनरावांच्या घरी किराणा जवळजवळ आलाच नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. चहापत्ती, साखर, बिस्किटांचे पुडे, संपलं. तेलाची पिशवी एकदा आणली ती तशीच. "बाई, महागाई महागाई करतात लोक. मले तं काईच समजत नाई कुठं हाय महागाई," असं ते आमच्या मधल्या भिंतीवरून मला सांगायचे. मी त्यांची शेजारीण. अमडापूरच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे सगळं गाव मला बाईच म्हणतं, माझ्याहून मोठे असलेले किसनरावसुद्धा.

महागाई त्यांना समजत नव्हती, कारण ते गावाच्या पंगतीत जेवत होते.

आमच्याकडे पंगतींना तोटा नाही. लग्न, तेरवी, वास्तुशांती, सप्ताहाचा महाप्रसाद, नवस फेडायचा म्हणून कुणाच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण. जवळच्या माणसांना चूलबंद आवतन असतं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. आणि किसनराव नुसते जेवणारे नव्हते, वाढणारे होते. एसटीत कंडक्टरकी करताना खचाखच भरलेल्या गाडीतून कुणाच्या पायावर पाय न देता मागेपुढे जायची जी सवय लागली, ती पंगतीत कामाला आली. दोन रांगांमधून वरणाची बादली घेऊन ते असे जायचे की पत्रावळीबाहेर थेंब सांडायचा नाही. आवाज तर काय, "वरण घ्या वरण, बट्टी चुरा, तूप येऊन राह्यलं" ही हाक मारुतीच्या देवळापासून बसस्टँडपर्यंत जायची. किसनराव नसतील तर पंगत बसवायची नाही, असा गावाचा रिवाज पडला होता. घरच्या माणसाने आधी त्यांच्या हातात बादली द्यायची, मग बाकीच्यांना.

शालूबाई होत्या तोवर यात काही बिघडत नव्हतं. चार दिवसांतून एकदा पंगत, बाकी दिवस घरची भाकरी. शालूबाई पौषात गेल्या. तेरवीपर्यंत शेजारपाजारहून डबे आले, मीही दिले. त्यानंतर डबे थांबले, ते थांबायचेच होते. मुलगा राजकुमार संभाजीनगरला कंपनीत. तो म्हणाला, "बाबा, चला." हे म्हणाले, "नाई." बाहत्तर वर्षांच्या या माणसाने आयुष्यात चहापलीकडे कधी काही शिजवलं नव्हतं. तेव्हा उरल्या दिवसांचाही प्रश्न त्यांनी पंगतीने सोडवला. आपल्या गावची नसेल तर शेजारच्या गावची. कंडक्टरला ओळख काय कमी? लग्नसराईत तर रोज दोन्ही वेळ. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी, शिरा, जिलबी. ज्या दिवशी काहीच नाही त्या दिवशी चहा आणि बिस्किटं.

आषाढात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. एवढीशी जखम. पंधरा दिवस झाले तरी ती ओलीच. मी त्यांना ओढून चिखलीला डॉक्टरकडे नेलं. ओढून म्हणजे खरंच ओढून, कारण त्या दिवशी कुणाचीतरी तेरवी होती. रक्ताचा रिपोर्ट आला तो पाहून डॉक्टरने आधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय खातात?"

मी म्हटलं, "लोकांचं."

उपाशीपोटी साखर दोनशेच्या कितीतरी पुढे. तीन महिन्यांची सरासरी काढतात तीही दहाच्या वर. डॉक्टरने गोळ्या दिल्या, पट्टी बांधली आणि सांगितलं की जेवण बदललं नाही तर हा अंगठा राहील याची मी खात्री देत नाही.

राजकुमार दुसऱ्याच दिवशी गाडी करून आला. बापावर ओरडला नाही, हे त्याचं मला आवडलं. ओसरीवर बसून शांतपणे म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत वाट पाहतो. दिवाळीला परत तपासू. साखर उतरली नसेल तर घराला कुलूप, अन् तुम्ही माझ्याकडं. मग नाही म्हणायचं नाही."

"अन् उतरली तं?"

"तर राहा."

किसनराव मला भिंतीवरून म्हणाले, "बाई, तो मले नेऊन तिसऱ्या मजल्यावर ठेवीन. तिथं मले कोन ओळखते? दिवसभर टीव्ही पाहाचा, अन् सून म्हणीन तवा जेवाचं." सून राखी चांगली मुलगी आहे, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. या माणसाला गाव सोडून काही येत नव्हतं.

राजकुमारने जाताना एक चूक केली. शहरात गेलेली सगळी मुलं करतात तीच. आठवड्याने भलंमोठं खोकं आलं. त्यात ओट्स, बदाम, कसल्याशा बियांची पाकिटं, पावडरचा डबा आणि मधुमेहींची म्हणून खास बिस्किटं. पाकिटांवरच्या किमती मी वाचल्या. एसटीवाल्यांची पेन्शन किती असते ते ज्यांच्या घरात ती येते त्यांना विचारा. त्या खोक्यापुढे ती जेमतेम उभी राहिली असती. ओट्स किसनरावांनी गरम दुधात गूळ घालून लापशीसारखे खाल्ले. खास बिस्किटं ते साखरेच्या चहात बुडवून एका बैठकीत अख्खा पुडा खात होते.

"हे साखरवाल्याईसाठीच हाय ना, बाई? मंग जितकं खाल्लं तितकं चांगलं."

मी तो पुडा उचलला आणि माझ्या घरी आणला. चवीला वाळूसारखी होती, ते सोडा.

मग मी त्यांना स्वयंपाक शिकवायला घेतला. यात दयामाया काही नव्हती. रोज डबा देणं मला जमणार नव्हतं, आणि दुसऱ्याच्या डब्यावर जगणाऱ्याला राजकुमार नेणारच होता. पहिली गोष्ट मी सांगितली ती अशी: तब्येतीचं खाणं महाग असतं हे कुणी सांगितलं? तुमच्या शेतातली तूर बटईदार, म्हणजे अर्ध्या वाट्याने शेत करणारा, आणून देतो, ती तुम्ही चिखलीच्या व्यापाऱ्याला विकता, आणि तीच तूर पॉलिश होऊन आली की दुप्पट भावाने दुकानातून आणता. या वेळची अजून घरात आहे, ती विकू नका. त्यांनी एक पोतं ठेवलं, गावातल्या गिरणीतून डाळ करून आणली, आणि वर्षाच्या वरणाची सोय झाली. मूग, उडीद सालीसकट. ज्वारी बाजारातून. सकाळी पोह्याऐवजी ज्वारीच्या कण्या आणि ताक. बिस्किटाऐवजी भाजलेले फुटाणे. जवसाची चटणी एकदा कुटली की महिनाभर पुरते. माझ्या अंगणात शेवगा आहे, त्याचा पाला फुकट. पावसाळ्यात अंबाडी, चवळीचा पाला, तरोटा, यांना पैसे किती लागतात? ज्वारीत जादू आहे असं मी म्हणत नाही. सहा भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच. दोन खायच्या आणि ताटाचा अर्धा भाग भाजीने भरायचा, एवढंच. आणि गोळ्या चालूच होत्या. नुसत्या पाल्याने साखर उतरली असं सांगणारा माणूस माझ्या दारात उभा करू नका.

भाकरी त्यांना पंधरा दिवसांत जमली. गोल नव्हती, पण भाजलेली होती. अडचण वेगळीच निघाली. ती बाजारात.

पहिल्या बाजाराच्या दिवशी किसनराव वांग्यांचं अर्धं पोतं घेऊन आले.

"हे काय?"

"वांगे."

"ते दिसतंय. खाणार कोण?"

आयुष्यभर हा माणूस बाजारात गेला तो दुसऱ्याच्या पंगतीसाठी. तेरवी असो, सप्ताह असो, भाजी घ्यायला किसनरावांना न्यायचं, ते पोत्याने भाव करायचे. पावशेर भाजी मागायची म्हणजे त्यांना भीक मागितल्यासारखं वाटायचं. भाजीवाला रहेमतुल्ला तर त्यांना पाहताच तराजू बाजूला ठेवून पोती तोलायचा मोठा काटा काढायचा. पुढच्या बाजाराला मी बरोबर गेले.

"आव किसनभाऊ, पंगत कोनाची हाय या टायमाले?" रहेमतुल्लाने विचारलं.

किसनराव इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "माहीच."

"किती मानसं?"

"एक."

रहेमतुल्ला हसला नाही, तो शहाणा. त्याने अर्धा किलो गवार, अंबाडीची एक जुडी, चार कारली तोलली आणि म्हणाला, "मंग सांजच्यान येत जा भाऊ, बाजार उठता उठता. मले बी माल घरी न्या लागत नाई अन् तुमाले बी सस्त्यात पडते." तेव्हापासून किसनराव दिवस मावळताना पिशवी घेऊन निघू लागले. महिन्याचा हिशेब त्यांनी मला एकदा ऐकवला. बिस्किटं, चहाची साखर आणि परगावच्या पंगतींना जायचं जीपचं भाडं सुटलं होतं. त्यात त्यांची भाजी, ताक आणि डझनभर अंडी बसत होती. "म्हंजे फुकटचं खाणं महागच पडत होतं की मले," ते म्हणाले. अंडी मात्र श्रावण संपल्यावर.

पंगतीत वाढणं त्यांनी सोडलं नाही, मीही सोडा म्हटलं नाही. वाढणाऱ्यांची पंगत शेवटी बसते. तोवर ते घरी येऊन आपली भाकरी खायचे. सप्ताहात कुणाच्या लक्षातही आलं नाही. कुणी आग्रह केलाच तर प्रसादाचा कण जिभेवर ठेवायचा. अंगठा सुकत आला. भाद्रपद अर्धा होईपर्यंत मला वाटायला लागलं होतं की जमलं.

मग पितृपक्ष लागला.

आमच्याकडे पितरांच्या जेवणाची एक रीत आहे. ज्याचा बाप गेला त्याने बापाच्या वयाचा, ओळखीचा माणूस पितर म्हणून बोलवायचा. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवून खीर, कढी, वडे, भजी, पाच भाज्या वाढायच्या. तो जेवला की बाप जेवला. किसनरावांना या पंधरवड्यात दरसाल सात-आठ घरं असत. पहिलं आवतन आलं तेव्हा मी आठवण दिली, तर ते मला म्हणाले, "बाई, ते खानं माह्या हिशेबात धरूच नका. तिथं मी जेवतच नाई. तिथं त्याचा बाप जेवते."

"आणि साखर कुणाच्या रक्तात चढते? त्याच्या बापाच्या?"

ते विनोद करत नव्हते. खरंच तसं मानत होते, आणि म्हणूनच मी संतापले. पहिल्या दोन घरी जेवून आले. तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या कडेला पुन्हा ओलं दिसलं. दोन जेवणांनी असं होतं का, ते मला माहीत नाही, बहुधा चप्पलच पुन्हा घासली असेल. पण ते घाबरले. माझ्यासमोर पाय लांब करून बसले आणि म्हणाले, "आता रंगरावचं घर हाय. तिथं कसं करू?"

रंगराव सप्ताह समितीचा अध्यक्ष. त्याचे वडील कडूबा हे किसनरावांचे जिवलग. कडूबा गेल्यापासून त्यांचा पितर किसनरावच. मी म्हटलं, "जा, बसा, भाजी-भाकरी खा, खीर नको म्हणा. सरळ सांगा."

मीही त्या दिवशी तिथे होते. रंगरावच्या आईने मला बोलावलं होतं, बायकांबरोबर स्वयंपाकघरात. दारातून सगळं दिसत होतं. रंगरावने परातीत पाय घेतले तेव्हा त्याला पट्टी दिसली.

"काका, हे काय झालं?"

"काई नाई रे. चप्पल लागली."

सरळ सांगायचं ते इथेच सांगायचं होतं. नाही सांगितलं. पाट मांडला, पान वाढलं. रंगराव स्वतः खिरीची वाटी घेऊन आला.

"नको रे बा."

"नको म्हंजे? खिरीबिगर पितर असते का, काका?"

"माही साखर वाढेल हाय. भाजी दे, भाकर दे."

"आजच्या दिवस काई होत नाई. माहा बाप उपाशी जाईन."

किसनराव हसत म्हणाले, "तुह्या बापाले खीर आवडतच नव्हती. तो मिरचीचा ठेचा मांगे."

आत बायका हसल्या. रंगरावची आई तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "खरं हाय, माय." ते हसू बाहेर ऐकू गेलं आणि तिथेच घात झाला. भावकीतली दहा माणसं ओसरीवर बसलेली, रंगरावचा चेहरा उतरला.

"माह्या बापाचं मले सांगता?"

"मंग कोनाले सांगू? तोच तं बसेल हाय पाटावर."

आता ओसरीही हसली. रंगरावने वाटी खाली ठेवली. "काका, ज्याले जेवाचं नाई त्यानं पाटावर बसू नये. उठा."

पितराला पानावरून उठवत नाहीत. आमच्या गावात असं झालेलं मी ऐकलेलं नाही. किसनरावांनी कडूबाच्या फोटोला हात जोडले आणि उठून गेले. रंगरावने शेजारच्या गजेंद्रला बोलावून त्या पाटावर बसवलं. म्हातारीने लेकाला आतून शिव्या घातल्या, पण गजेंद्र तीन वाट्या खीर पिऊन गेला.

मी जेवण टाकून आले नाही. अन्न वाया घालवणं मला पटत नाही. परतताना त्यांच्या घरी डोकावले तेव्हा किसनराव गॅसपुढे होते. पीठ मळून झालं होतं, पण भाकरी थापत नव्हते.

"तुमी म्हनलं होतं सरळ सांगा," ते म्हणाले.

"तुम्ही वाकडं सांगितलं. पाय धुताना बोलला असता तर त्याने ऐकलं असतं. दहा माणसांत त्याच्या बापावरून चेष्टा कशाला केली?"

"हाव. ते चुकलं." मग परात बाजूला सारून म्हणाले, "पन त्यानं मले उठवलं, बाई."

भाजी करपत होती, ती मी उतरवली.

दुसऱ्या दिवशी ते रंगरावकडे जाऊन आले. चूक झाली म्हणाले. रंगराव "बरं" म्हणाला, चहा दिला, तोही बिनसाखरेचा मुद्दाम विचारून. पण बाकीच्या घरची आवतनं आली नाहीत. पानावरून उठलेला पितर कुणाला नको होता. नवरात्रात देवीच्या भंडाऱ्याला वरणाची बादली गजेंद्रच्या हातात होती. किसनराव मंडपाच्या कडेला उभे होते. गजेंद्र वाढता वाढता पत्रावळींबाहेर वरण सांडत होता, ते त्यांना बघवलं नाही. घरी आले आणि उडदाचं वरण करून जेवले. त्या महिन्यात त्यांनी एकही दिवस बाहेर खाल्लं नाही. बोलावलंच नव्हतं कुणी.

दिवाळीला राजकुमार आला. चिखलीला जाऊन रक्त दिलं. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर दीडशेच्या खाली, सरासरी आठच्या आत. अंगठ्याची जखम पूर्ण भरलेली. डॉक्टर म्हणाला, अजून उतरली पाहिजे, पण माणूस सुधारलाय, गोळ्या बदलत नाही, तीन महिन्यांनी या.

राजकुमारने बापाच्या हातची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाला. मग मला म्हणाला, "बाई, मी हरलो. राहू द्या त्यांना इथं."

मला वाटलं किसनराव खूश होतील. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मी येतो तुह्यासंगं," ते म्हणाले.

राजकुमार माझ्याकडे पाहायला लागला. त्याला पितराची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मी सांगितली, चार वाक्यांत. ऐकून तो म्हणाला, "मग चलाच बाबा. जिथं मान नाही तिथं काय राहायचं?" राखीही म्हणाली, "मी भाकरी करीन ना, मामंजी. ओट्स नाही आणणार."

मी मध्ये पडले नाही. माझा हा स्वभाव नाही, पण हा निर्णय त्यांचा होता. किसनरावांनी हात धुतले, गॅसवरचा तवा उतरवून भिंतीला टेकवला आणि आपली चटणीची बरणी फडक्याने पुसत उभे राहिले.

"राजकुमार," ते म्हणाले, "इथं मले लोकाच्या पाटावरून उठवलं तं मी माह्या घरी आलो अन् भाकर केली. तिथं तुह्या पाटावरून उठायची पाळी आली तं मी कुठं जाऊ?"

"बाबा, मी कशाला उठवीन तुम्हाला?"

"तू नाई उठवनार. रंगराव बी उठवनार नव्हता." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "मी राह्यतो. तीन महिन्यानं ये. एसटीच्या पाससारखं करू, तारीख संपली का नवा काढाचा."

राजकुमारने वाद घातला नाही. सकाळी निघताना राखीने जवसाची चटणी मागितली, ती त्यांनी कागदात बांधून दिली. गाडी गेल्यावर किसनरावांनी पिशवी उचलली. त्या दिवशी बाजार होता आणि ऊन चढायला लागलं होतं.

"आत्ता कुठे? सांजेला जा, स्वस्त पडेल," मी म्हटलं.

"मेथी आली असन, बाई. सांजच्यान कोवळी राह्यत नाई," असं म्हणून ते गेले.